उतरणारा आकडा

खेमराजला सकाळपासून चक्कर येत होती, पण मनगटातला बिंदू म्हणत होता की तो ठणठणीत आहे.

"ताई, रात्रीपासून पिंडऱ्या वळून राहिल्या माझ्या," स्वयंपाकघराच्या दारात बसून तो म्हणाला. "अन् लघवी पाहिली तर चहासारखी. आज नाही गेलो तर नाही चालणार काय?"

केतकीने गॅस बारीक केला आणि फ्रिजवर ठेवलेली बत्ती उचलली. बोटभर लांबीचा निळा दिवा आणि त्याच्या पाठीवर नखाएवढा पडदा, एवढेच ते यंत्र. तिने खेमराजचे मनगट उलटे केले. तिथे कातडीखाली तिळाएवढा ठिपका होता. निळा प्रकाश पडताच तो पिवळसर हिरवा चमकला आणि पडद्यावर आकडा उमटला. ३७.२. कडेला हिरवी पट्टी.

"सदतीस पूर्णांक दोन," ती म्हणाली. "काही झालं नाही तुले. पाणी पी अन् जा."

"बिंदू म्हणते तर बरोबरच असंल बाप्पा. तुझ्याच साबणाचं पाणी आहे ते."

"ताईंनी पास केलं तुम्हाला," डबा भरता भरता त्याची बायको पल्लवी हसली. "आता उठा. आजारी पडायचं तर आधी लाल व्हावं लागते."

खेमराज भिंतीला धरून उठला. केतकीने ते पाहिले आणि पोळी उलटवली.

आईवडील गेले तेव्हा खेमराज नऊ वर्षांचा होता आणि केतकी एकवीस. त्याचे ताप, त्याची दुखणी तिनेच काढली. आता ती एक्केचाळीसची होती, नागपूरच्या उष्मा-सुरक्षा प्रमाणन केंद्रात वरिष्ठ रसायनतज्ज्ञ होती, आणि राज्यातल्या चार लाख मनगटांखाली चमकणाऱ्या प्रत्येक बिंदूच्या प्रमाणपत्रावर तिची सही होती. खेमराज वर्धा रस्त्यावरच्या एका मिश्रधातूंच्या कारखान्यात भट्टीवर काम करत होता. बिंदू हिरवा असताना कामगाराला उन्हाची रजा मिळत नसे. नियमच तसा होता.

पूर्वी वेगळे होते. पारा त्रेचाळीसच्या वर गेला की अकरा ते चार भट्ट्या, खाणी, बांधकामे सगळी बंद ठेवावी लागत. मग बिंदू आला. प्रत्येक माणसाच्या आतले तापमान तासातासाला मोजता येत असेल तर सगळ्यांना एकदम घरी का बसवायचे, असा प्रश्न निघाला. दुपारची बंदी रद्द झाली. बिंदू साडेअडतीसला लाल होई, लाल झालेल्या माणसाला मुकादमाने त्याच क्षणी कामावरून काढायचे, हा नवा कायदा झाला. तीन उन्हाळ्यांत उष्माघाताच्या मृत्यूंचा रकाना जवळजवळ रिकामा झाला होता. केतकीला त्याचा अभिमान वाटे, आणि तो ती लपवतही नसे.

त्या दिवशी नागपूरचा पारा सत्तेचाळीसवर होता. सलग पाचवा दिवस.

*

प्रयोगशाळेत वातानुकूलन चोवीस अंशांवर लावलेले असे. केतकी अकरा वाजता तक्रारींची फाईल घेऊन बसली. फाईलमध्ये नेहमीचेच असे: बत्ती बिघडली, पडदा फुटला, आकडा लटपटतो. उत्तरही नेहमीचेच असे. बत्ती बदलून घ्यावी.

चौथे पत्र वणीच्या सरकारी दवाखान्यातून आले होते. लिहिणाऱ्या डॉ. नाझनीन शेख होत्या.

"रुग्ण वीटभट्टीवरची बाई, वय पस्तीस. आणली तेव्हा असंबद्ध बोलत होती. मी काचेचा तापमापक गुदद्वारातून दोनदा लावला. दोन्ही वेळा ४१.८. बिंदू दोन्ही वेळा ३७.१. सकाळपासून तिने मिठाच्या आठ गोळ्या घेतल्या होत्या, पाणी फारसे नाही. ती वाचली नाही. माझी बत्ती नवी आहे. कृपया बत्ती बदलून घ्यावी असे कळवू नये."

केतकीने पत्र दोनदा वाचले. मग ती उठली आणि शीतपेटीतून बिंदूच्या द्रावणाची बाटली काढली.

शाळांमधून भाषणे द्यायला जाई तेव्हा बिंदूमागचे शास्त्र ती भांडी घासण्यापासून समजावून सांगायला सुरुवात करी. साबणाच्या रेणूला डोके असते आणि शेपटी असते. डोक्याला पाणी मानवते, शेपटीला तेल. पाण्यात असे पुरेसे रेणू जमले की ते आपोआप गोळे बांधतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या गोळ्यांना मिसेल म्हणतात. एका थेंबात ते अब्जावधी मावतात. पाण्यात न विरघळणारे एखादे चमकणारे रंगद्रव्य त्यात टाकले की ते मिसेलच्या तेलकट पोटात जाऊन बसते. निळा प्रकाश पडला की ते पिवळसर हिरवा प्रकाश परत देते. पण गरम होऊ लागले की पोटातली धडपड वाढते, रंगद्रव्याचे रेणू आजूबाजूला आपटतात आणि घेतलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी त्या आपटण्यातच संपते. म्हणून अंगातली उष्णता चढते तशी चमक मंदावते. किती मंदावली ते मोजायचे, शेजारी ठेवलेल्या, उष्णतेने न बदलणाऱ्या दुसऱ्या रंगाशी ताडून पाहायचे, की तापमान कळले.

चमक कमी म्हणजे ताप जास्त. चार लाख माणसांचा विश्वास या एका वाक्यावर होता.

केतकीने द्रावण काचेच्या चौकोनी नळीत घेतले, नळी यंत्रात ठेवली आणि अर्ध्या अर्ध्या अंशाने तापवायला लागली. सदतीस. अडतीस. चाळीस. बेचाळीस. चमक उतरत गेली, आलेख फुटपट्टीने काढल्यासारखा सरळ. ते अपेक्षितच होते. मग तिने दुसऱ्या नळीत थोडे मीठ घातले. बिंदू म्हणजे कातडीखालची एक इवलीशी पिशवी. ती फुगून फुटू नये म्हणून तिचा पापुद्रा पाणी आणि क्षार आतबाहेर जाऊ देई. माणूस घामाने सुकला, त्यात कामावर वाटल्या जाणाऱ्या मिठाच्या गोळ्या खात राहिला, तर शरीर खारट होणार, आणि शरीराबरोबर बिंदूही.

दुसरी नळी सरळ गेली. तिसरीत तिने आणखी मीठ घातले.

साडेएकोणचाळीसपर्यंत चमक उतरली. चाळीसला उतरली. साडेचाळीसला थबकली. एक्केचाळीसला ती वाढली.

केतकीने नळी बाहेर काढून खिडकीशी धरली. मघाशी स्वच्छ असलेले द्रावण आता तांदळाच्या धुवणासारखे गढूळ दिसत होते.

काय झाले ते तिला लगेच कळले, कारण हे पदवीच्या पुस्तकात असते. या जातीच्या साबणाची डोकी अंगाभोवती पाण्याचे पांघरूण घेऊन असतात. ठराविक तापमानाला ते पांघरूण गळून पडते, मिसेल एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि द्रावण गढुळते. साध्या द्रावणात हे सेहेचाळीसच्या पुढे घडे, म्हणजे जिवंत माणसाच्या पलीकडे. मीठ ते तापमान खाली ओढते. आणि त्या घट्ट गठ्ठ्यांत अडकलेल्या रंगद्रव्याला हालायला, आपटायला जागाच उरत नाही. ते पुन्हा चमकू लागते.

तिने नळी परत ठेवली आणि शेवटपर्यंत तापवली. एक्केचाळीस पूर्णांक आठला नळी जेवढी चमकत होती तेवढीच ती सदतीस पूर्णांक एकला चमकली होती. डॉ. शेख यांच्या पत्रातले दोन्ही आकडे.

पण खरी भीती अजून यायची होती. ती आली जुनी फाईल उघडल्यावर.

तीन वर्षांपूर्वीची मूळ चाचणी तिनेच केली होती. क्षारांच्या पाच पातळ्या, प्रत्येक पातळीला पंधरा वाचने. पाचव्या पातळीच्या शेवटच्या तीन वाचनांवर तिच्याच अक्षरात एक आडवी रेघ होती आणि समोर लिहिले होते: नळी अस्वच्छ, वगळले.

नळी अस्वच्छ नव्हती. हे तिला तेव्हा अजिबात माहीत नव्हते असे ती म्हणू शकत नव्हती. कॉलेजात पहिल्या वर्षापासून प्रॅक्टिकलला आलेख सरळ यावा लागे. जर्नल तपासताना सर आलेखावर फुटपट्टी ठेवत, आणि एखादा बिंदू रेषेबाहेर दिसला की वही फेकून देत. त्यामुळे सगळा वर्ग वाचने जुळवायला शिकला. कुणाला त्यात खोटेपणा वाटत नसे. तो पोरासोरांच्या हाताचा दोष काढून टाकण्याचा भाग होता. केतकीचा हात सगळ्यांत नेटका होता. तिचे आलेख सर पुढच्या वर्गांना दाखवत. तीन वर्षांपूर्वी ते तीन बिंदू रेषेबाहेर गेले तेव्हा तिचा हात आपोआप वळला होता.

लघवी पाहिली तर चहासारखी, खेमराज म्हणाला होता.

सकाळचा सदतीस पूर्णांक दोन खरा असणार. पण तो आतून सुकलेला होता, खारट झालेला होता. त्याच्या मनगटातला बिंदू आता पाचव्या पातळीची नळी होता.

*

तिने कारखान्याच्या सुरक्षा खोलीत फोन लावला. तिथे उमरेडकर नावाचा माणूस तासातासाला बत्ती मारून सगळे आकडे नोंदवत असे. केतकीला तो ओळखत होता.

"सगळे हिरवे आहेत मॅडम," तो म्हणाला. "काहून टेन्शन घेता जी?"

"खेमराजचे आजचे आकडे वाचा. सगळे."

"थांबा, वही घेऊन त्याच्याकडंच चाललो. आठला सदतीस दोन. नऊला सदतीस सहा. दहाला सदतीस नऊ. अकराला अडतीस दोन. बाराला..." तो थांबला. "बाराला तो राख टाकाले गेल्ता, राहून गेलं. आता एकला सदतीस आठ. पाहा, उतरून राहिला. अन् आत्ता तुमचा फोन आला म्हणून पुन्हा मारली, तर सदतीस तीन. एकदम फर्स्टक्लास."

बाराला तो लाल असणार, आणि नेमकी तीच नोंद राहून गेली होती. भट्टीसमोर, सत्तेचाळीस अंशांच्या दुपारी, कामावर असलेल्या माणसाचे अंग गार होत नसते.

"उमरेडकर, त्याला बाहेर काढा. पाण्यात ठेवा. आत्ता."

"हिरव्या माणसाले कसं काढू जी? मुकादम माझ्यावर येईल. थांबा, तुम्हीच बोला त्याच्याशी."

फोन हातोहात गेला. भट्टीची घरघर ऐकू आली.

"ताई?" खेमराजचा आवाज संथ होता, झोपेतून उठल्यासारखा. "आता बरं वाटते. मस्त थंडी वाजून राहिली."

"खेमराज, ऐक. काम सोड. कपडे काढ अन् पाण्याच्या टाकीत बस."

"आई आली होती," तो म्हणाला. "डबा घेऊन."

फोन उमरेडकरकडे परत गेला. "पाहा, हसून राहिला," उमरेडकर म्हणाला.

*

केंद्राचे संचालक डॉ. पांढरीपांडे जेवणाचा डबा उघडत होते. निवृत्तीला सात महिने उरलेले, सावध गृहस्थ. केतकीने त्यांच्यासमोर दोन आलेख ठेवले आणि उभ्याउभ्या चार वाक्यांत सगळे सांगितले. रेघ मारलेले पानही दाखवले.

त्यांनी डबा बंद केला.

"एकदाच केलंस ना? अजून दोनदा कर. उद्या समिती बोलावतो."

"सर, उद्या नाही. आत्ता आकडे उतरताहेत."

"मग काय करायचं म्हणतेस? प्रमाणपत्र मागे घेतलंस तर राज्यातल्या सगळ्या बत्त्या काळ्या पडतील. पुढे? दुपारची बंदी रद्द झालेली आहे. बत्ती बंद आहे म्हणून कुठला मुकादम काम थांबवणार नाही. आज निदान खरे लाल तरी बाहेर येतात. उद्या तेही यायचे नाहीत." त्यांचा आवाज खाली आला. "आणि केतकी, हे पान. हे तू कुणाला दाखवू नकोस."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काळी बत्ती कुणाला वाचवणार नव्हती, आणि हिरवी मारत होती.

"लाल होण्याची हद्द आपण ठरवतो ना?" तिने विचारले. "इथून?"

"साडेअडतीस. कायद्याने."

"ती छत्तीस केली तर?"

डॉ. पांढरीपांडे यांना ते समजायला दोन श्वास लागले. छत्तीसला प्रत्येक जिवंत माणूस लाल होणार होता. आणि लाल माणसाला त्याच क्षणी कामावरून काढणे मुकादमाला बंधनकारक होते.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "तुझ्या नावाने राहील. तुरुंगात जाशील तू."

"हो सर."

ती आपल्या टेबलाशी आली. तिचा परवलीचा शब्द टाकला, आकडा बदलला, आणि खाली कारणाच्या चौकटीत लिहिले: "बिंदू उच्च तापमानाला चुकीचा कमी आकडा दाखवतो. मूळ चाचणीत मी ही वाचने वगळली होती. ज्यांचा आकडा कामावर असताना उतरला आहे त्यांना आधी थंड पाण्यात ठेवा. केतकी उरकुडे."

एक वाजून तेहतीस मिनिटांनी नवी हद्द प्रत्येक बत्तीत पोचली आणि आधीच्या नोंदींसकट राज्यातली सगळी मनगटे लाल झाली.

*

कारखान्यापर्यंत गाडीने पंचवीस मिनिटे लागली. डांबर चकाकत होते. वाटेत एका पुलाच्या बांधकामावरून माणसे रांगेने उतरत होती. कुणी टोपी हलवत होते. केतकीने वाटेतच पल्लवीला फोन केला आणि एवढेच सांगितले की रुग्णवाहिका मागव, आणि तू पण ये.

फाटकाशी उमरेडकर धावत आला. "मॅडम, सगळेच लाल! माझाही लाल! मशीन येडी झाली काय?"

"खेमराज कुठे आहे?"

"सगळे शेडात बसवले. तिथंच असंल."

पत्र्याच्या शेडखाली शंभरएक माणसे बसली होती. अचानक सुट्टी मिळालेल्या वर्गासारखा गलका होता. एकजण दुसऱ्याच्या मनगटावर बत्ती मारून म्हणत होता, "तू तर मेलास बे, जा घरी." सगळे हसत होते. केतकी चेहरे बघत ओळींमधून गेली. खेमराज त्यात नव्हता.

तो शेडामागे सापडला. खनिजाच्या काळ्या ढिगावर, भर उन्हात, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. थंडी वाजते म्हणून तो ऊन शोधत तिथे गेला होता. शर्ट कोरडा होता. केतकीने त्याच्या मानेला हात लावला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला.

"मॅडम, तुम्ही कोण?" त्याने अदबीने विचारले.

उमरेडकर आणि आणखी दोघांनी त्याला उचलले. कँटीनमागे पाण्याची उघडी टाकी होती. पाणी कोमट होते. उमरेडकरने ताकाच्या पिंपातला सगळा बर्फ त्यात ओतला, ताकासकट. खेमराजला गळ्यापर्यंत आत बसवले तेव्हा तो ओरडला, मग हात झाडू लागला, मग एकदम गप्प झाला. ते गप्प होणे सगळ्यांत वाईट होते. केतकीने पिशवीतून काचेचा तापमापक काढला. प्रयोगशाळेतून निघताना तिने तो एकच उचलला होता, कारण केंद्रात काचेचा एकच उरला होता.

बेचाळीस पूर्णांक एक.

तिने मनगटाला बत्ती लावली. लाल पट्टीशेजारी आकडा उमटला. ३६.८. उमरेडकरने दोन्ही आकडे पाहिले.

"म्हणजे जे खाली येऊन राहिले होते..." तो म्हणाला.

"तुमची नोंदवही आणा. अकरानंतर ज्याचा आकडा उतरला त्या प्रत्येकाचं नाव वाचा."

खेमराज सोडून सहा नावे निघाली. चार माणसे हाका मारताच उभी राहिली, भेलकांडत, कशाला बोलावले ते न कळून. पाचवा शेडाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याच्या खांद्यावर हात टाकून शेजारचा अजून त्याला काहीतरी गंमत सांगत होता. त्याचे तोंड उघडे होते आणि डोळे कुठेच बघत नव्हते. त्याला खेमराजच्या शेजारी टाकीत ठेवले. सहावा शेडात नव्हता. त्याला शोधायला माणसे भट्टीकडे पळाली.

आता कुणी हसत नव्हते. माणसे एकमेकांच्या कपाळाला हात लावून बघत होती. स्वतःचे कपाळही चाचपत होती आणि हाताला काय लागले ते ठरवता न आल्यासारखी पुन्हा मनगटाकडे बघत होती.

*

रुग्णवाहिका आली तेव्हा खेमराज एकोणचाळीस पूर्णांक सहावर आला होता. श्वास चालू होता. डोळे मिटलेले. डॉक्टर तरुण होता, त्याने टाकीत हात घालून नाडी पाहिली.

"मूत्रपिंडं उद्या कळतील," तो म्हणाला. "मेंदूचं परवा. पाण्यात ठेवलंत ते बरं केलं."

पल्लवी रुग्णवाहिकेबरोबरच आली होती. ओल्या कपड्यांतल्या खेमराजला गाडीत चढवेपर्यंत ती स्ट्रेचरची कड धरून होती. मग वळली.

"सकाळी राहू दिलं असतं घरी तर?"

"तर हे झालं नसतं," केतकी म्हणाली.

"मी पण हसले त्यांना." पल्लवी गाडीत चढली. "ताई, चला. बसा आत."

केतकीने गाडीत पाहिले. खेमराजचा एक पाय चादरीबाहेर आला होता. तो लहान असताना ताप उतरला की असाच पाय बाहेर काढायचा. तिला त्या पायाला धरून बसायचे होते, दवाखान्यापर्यंत, आणि परवापर्यंत, आणि त्याने डोळे उघडून तिला ओळखेपर्यंत. तापमापक तिच्या मुठीत होता. टाकीत पाचवा माणूस बसला होता, बाकीच्या चौघांना उमरेडकर पाईपने भिजवत होता, आणि भट्टीकडून कुणीतरी ओरडत येत होते.

"मी नाही येत," ती म्हणाली.

पल्लवीने तिच्याकडे बघितले. त्या बघण्यात काय होते ते केतकीला पुढे बरेच दिवस ठरवता येणार नव्हते. गाडीचे दार लागले.

सहाव्या माणसाला चौघांनी उचलून आणले. केतकीने त्याच्या छातीला कान लावला, मग मानेवर बोटे ठेवली, मग पुन्हा कान लावला. उमरेडकर नोंदवही उघडून तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. तिने मान हलवली.

"एक वाजता सदतीस चार होता," उमरेडकर म्हणाला. "मी स्वतः मारली बत्ती. तो म्हणाला, साहेब, आज मशीन खुश आहे माझ्यावर."

फोन वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. डॉ. पांढरीपांडे होते. त्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"यादी काढली मी. राज्यातली. आज अकरानंतर कामावर असताना ज्यांचा आकडा उतरला अशी माणसं."

"किती?"

"एक हजार नऊशे चार." ते थांबले. "तू हद्द बदललीस तेव्हा बऱ्याच ठिकाणी काम सुटलं. पण लोकांना वाटतंय यंत्र बिघडलं. कित्येक जण मोटारसायकलवरून घरी निघालेत. आडवे होऊन झोपतील आणि... केतकी, मी कुठून सुरू करू?"

"नावं आहेत?"

"नावं, कारखाने, मुकादमांचे नंबर. सगळं."

"मग वाचा सर. दोन फोन हाताशी घ्या. एक माझ्यासाठी चालू ठेवा. ज्याचा आकडा सगळ्यांत जास्त उतरला त्याच्यापासून."

ती शेडाच्या कडेला जमिनीवर बसली. उमरेडकरने न सांगता आपला फोन आणि नोंदवही तिच्यापुढे ठेवली, आणि स्वतः तिच्या शेजारी मांडी घातली. पलीकडून डॉ. पांढरीपांडे वाचू लागले. बल्लारपूर, कागद गिरणी, बॉयलर विभाग, सुखदेव आत्राम. केतकीने नंबर लावला. तिकडून कुणीतरी उचलून म्हणाले की सुखदेव तर आत्ताच घरी गेला, मजेत होता. तिने त्याच्या घरचा पत्ता विचारला.

पाच मिनिटांत चार नावे झाली. पावणेतीन वाजले होते. ऊन उतरायला अजून तीन तास होते.